समई हलत नाही!

निवृत्त माणसाच्या डोक्यात काय येईल, याचा नेम नसतो. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ पहाटे चारला उठून मोठ्याने सुभाषिते पाठ करतात. दुसऱ्या एकांनी गच्चीत कारली लावली आहेत आणि ती ते प्रत्येक बिऱ्हाडात सक्तीने वाटतात. त्या मानाने मी निरुपद्रवी. मी कॅमेरा करायला घेतला.

‘घ्यायला’ नव्हे, ‘करायला’. हा फरक घरात कुणाच्या ध्यानात यायलाच आठवडा गेला.

‘कॅमेरा काय घरी करतात?’ आमची ही म्हणाली. ‘चकल्या आहेत का त्या?’

‘बाबा, तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तीन कॅमेरे आहेत,’ कन्यारत्न म्हणाले. ‘चौथा कशाला?’

प्रश्न बिनतोड होता. पण पस्तीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला मोबाइलचा कॅमेरा म्हणजे दुसऱ्याने भरवलेला घास वाटतो. कशावर नजर धरायची, किती उजेड घ्यायचा, सगळे तोच ठरवतो. आपण फक्त बोट लावायचे. मला असा कॅमेरा हवा होता, की ज्यात अंतर मी मोजीन आणि चुकलो तर मी चुकलो असेन. तो रेंजफाइंडर असावा, त्याला फिल्मऐवजी डिजिटल चकती असावी आणि ती चकतीही पुऱ्या मापाची, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीइतकी, ३६ बाय २४ मिलिमीटरची असावी.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. वाचकहो, हातातला अंक क्षणभर मांडीवर ठेवा. एक अंगठा नाकासमोर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. अंगठा जागच्या जागी उडी मारतो. हात लांब केला, की उडी लहान होते. अंतर आणि उडी यांचे हे नाते ज्याने कॅमेऱ्यात बसवले, त्याने रेंजफाइंडर केला. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आपण सरळ पाहतो. दुसरीतून आलेली प्रतिमा आतल्या आत वळवून पहिलीच्या मधोमध फिकट ठशासारखी पाडलेली असते. भिंग फिरवले, की त्याची मागची कड आतल्या एका पोलादी जिभेला ढकलते, जीभ हलली की तो फिकट ठसा सरकतो. समोरच्या माणसाची दोन नाके एक झाली, की भिंग बरोबर त्याच्या अंतरावर आले. यात ना वीज, ना गणित. आपले डोळे जन्मभर हेच करीत आलेले असतात.

या घराण्याचा मूळपुरुष ऑस्कर बार्नाक. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यातला मेकॅनिक. दम्याचा विकार, त्यामुळे काचेच्या पाट्यांचा अवजड कॅमेरा त्याला झेपेना. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची फिल्म आडवी घालून एक चिमुकला कॅमेरा तयार केला. सिनेमाच्या दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर होतात. ते माप तिथून आले. तो कॅमेरा ‘लायका’ या नावाने १९२५ साली बाजारात आला, आणि १९३२ साली त्याला भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर मिळाला. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, युक्रेनमधल्या खारकोव्ह शहरी अनाथ मुलांच्या एका वसाहतीत त्याची हुबेहूब नक्कल निघू लागली. तिचे नाव ‘फेड’. या फेडचा धाकटा अवतार ‘फेड-२’ १९५५ पासून निघाला. त्याच्या दोन खिडक्यांमधले अंतर ६७ मिलिमीटर, जवळजवळ माणसाच्या दोन डोळ्यांतल्या अंतराएवढे.

फेड-२ ची एवढी ओळख करून देण्याचे कारण म्हणजे आमच्या घरी तो होता. आमचे वडील नाना पोस्टात होते. १९६८ साली त्यांनी तो मुंबईच्या बोराबाजारात जुना विकत घेतला आणि त्या दिवसापासून सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत एक नवा देव आला. कॅमेरा काढण्याआधी नाना हात धूत. मला तो धरू देत. दादाला मात्र कधीच नाही.

माझा दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचे नाव मधू. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये नाना फोटो चिकटवीत आणि खाली पांढऱ्या शाईने टीप लिहीत. ‘गणपती १९६८. चि. मधू हलला.’ ‘मुंज, घरातील. चि. मधू हलला.’ ‘दिवाळी १९६९. चि. मधू पुन्हा हलला.’ फोटोंत दादाचा चेहरा खरोखरच धुरकट. तसा माझाही धुरकटच होता. पण घरात एकदा एकाचे नाव पडले, की दुसरा सुटतो. एकोणसत्तरच्या दिवाळीत त्या ‘पुन्हा’बद्दल दादाला थप्पड बसली आणि फटाके जप्त झाले. ‘यंत्राला स्थिर माणूस लागतो, मधूचं ते काम नव्हे,’ असे नाना म्हणत. पुढे मला यंत्रशिक्षणाला घातले. दादा कॉमर्सला गेला. त्याने कधी तक्रार केली नाही. ‘मला एका जागी बसवतच नाही,’ असे तो स्वतःच लोकांना सांगू लागला.

नाना २००३ साली गेले. थोरला म्हणून कॅमेरा दादाने नेला. मला राग आला होता, तो मी बरीच वर्षे जपून ठेवला. २०२१ मध्ये त्या जुन्या खोल्यांच्या व्यवहारावरून आम्हा भावांत शब्दाने शब्द वाढला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणून गेलो, ‘तुला जन्मात कधी एका गोष्टीवर स्थिर राहता आलंय?’ दादा काही बोलला नाही. चपला घालून सातारला निघून गेला. त्यानंतर अबोला.

असो. कॅमेऱ्याकडे वळू.

डिजिटल रेंजफाइंडर जगात आहेत. पहिला २००४ साली जपानच्या एप्सनने काढला, पण त्याची चकती लहान होती. पुऱ्या मापाचा पहिला लायकाचा एम-९, तो २००९ चा. इतका उशीर का? तर या जुन्या धाटणीची भिंगे चित्राच्या अगदी जवळ बसतात, त्यामुळे कडेचे किरण फार तिरपे येतात. फिल्म तिरपे किरण मुकाट्याने पोटात घेते. डिजिटल चकतीवर मात्र उजेड झेलणारी लाखो बारीक घरे असतात आणि तिरपा उजेड त्यांच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. मग चित्राचे कोपरे काळवंडतात. लायकावाल्यांनी यावर तोड काढली. तिची किंमत मात्र काही लाख रुपये, आणि माझे निवृत्तिवेतन तुम्हाला ठाऊक नसले तरी अंदाज करता येईल.

म्हणून मी सामान जमवले. २०१३ पासून पुऱ्या मापाच्या चकतीचे, आरसा नसलेले कॅमेरे निघू लागले आहेत. त्यांतला एक स्कूटरवरून पडून मोडलेला मिळाला. भिंगाची बैठक वाकलेली, मागचा पडदा फुटलेला, पण चकती, शटर आणि विजेची पाटी शाबूत. दुसरा डाग म्हणजे बोराबाजारातूनच आणलेला एक भंगार फेड-२. त्याचे भिंग चांगले, रेंजफाइंडर हलता, बाकी गंजलेले. तिसरा डाग, भोसरीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये घासून कोरून घेतलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे नव्या कॅमेऱ्याचे अंग.

आता सगळा खेळ एका आकड्याचा. जुन्या स्क्रूच्या भिंगाची बैठक आणि फिल्म यांत २८.८० मिलिमीटर अंतर लागते. मोडलेल्या कॅमेऱ्यात ते अंतर १८ मिलिमीटरच होते. म्हणजे १०.८ मिलिमीटर जागा मोकळी मिळाली आणि तिच्यात रेंजफाइंडरची जीभ सुखाने बसली. पण २८.८० म्हणजे २८.८०. दोन-तीन शतांश इकडेतिकडे झाले, तर चित्र मऊ पडते. डोक्याच्या केसाची जाडीही यापेक्षा जास्त असते. मी पितळेच्या पातळ पत्र्याचे तुकडे एकावर एक लावून, डेप्थ मायक्रोमीटरने चार कोपरे तपासून, तीन आठवड्यांत ते अंतर साधले. ज्या दिवशी चारही कोपरे सारखे आले, त्या दिवशी मी कारलीवाल्या गृहस्थांना स्वतःहून चहाला बोलावले.

कॅमेऱ्याला मागे पडदा नव्हताच, म्हणून तो केबलने घरच्या टीव्हीला जोडला. सगळे कुटुंब सोफ्यावर बसले. मी भिंग खिडकीकडे वळवले आणि टीव्हीवर दाट धुके अवतरले. जवळ धरा, लांब धरा, सगळीकडे धुके.

‘महाबळेश्वर आहे का हे?’ हिने विचारले.

तीन दिवस मी पुन्हा पुन्हा मोजत होतो. माप चुकले नव्हते, चुकलो होतो मी. पाण्याने भरलेल्या पातेल्याचा तळ वर आल्यासारखा दिसतो, हे आपण रोज पाहतो. पाण्यातून किंवा काचेतून जाताना किरण वाकतात, त्याचा हा परिणाम. फिल्मपुढे काच नसते, पण डिजिटल चकतीवर काचेचे झाकण असते. माझ्या चकतीवरची काच दोन मिलिमीटरची. तेवढ्या काचेतून जाताना प्रतिमा सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटर मागे सरकते. म्हणजे चकती तेवढीच मागे न्यायला हवी होती. ती नेली आणि टीव्हीवर समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजता येऊ लागले. कोपरे जरासे काळवंडले होते, पण चिमटे ते चिमटे.

उरला रेंजफाइंडर. तो हलत होता, पण दिसत काही नव्हते. त्याच्या आत नखाएवढी एक अर्धपारदर्शक काच असते. अर्धा उजेड आरपार सोडायचा आणि अर्धा परतवायचा, हे तिचे काम. भंगारातल्या काचेचा मुलामा पार उडालेला होता. फिकट ठसा पडेचना.

तशीच एक उत्तम काच कुठे आहे, हे मला ठाऊक होते. सातारला, नानांच्या कॅमेऱ्यात.

दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हिनेच विचारले, ‘सातारला जायचं मनात आहे ना? मग काचेसाठी जाताय म्हणून सांगा. भावाला भेटायला जाताय, असं कुणी म्हणणार नाही.’ बायका फार वाईट ठिकाणी बोट ठेवतात.

स्वारगेटहून एसटी पकडली. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, मायक्रोमीटर आणि चितळ्यांची बाकरवडी.

दार वहिनींनी उघडले. दादा झोपाळ्यावर होता. तीन वर्षांत बराच वाळला होता.

‘काय काम काढलंस?’

मी सरळ सांगितले. कॅमेरा करतोय, एक काच हवी, नानांचा कॅमेरा उघडावा लागेल. दादा उठला आणि कपाटातून तो घेऊन आला. मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. कातडी कव्हर जसेच्या तसे.

‘वापरलास कधी?’

‘एकदाही नाही,’ तो म्हणाला. ‘माझं काम नव्हे ते.’ मग थोड्या वेळाने, ‘उघड. पण माझ्यासमोर उघड.’

कोणतेही यंत्र उघडण्याआधी ते कसे चालते ते पाहायचे, ही टूलरूमची शिस्त. मी वहिनींकडून समई मागून घेतली, लावली आणि टेपने मोजून कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर ठेवली. कॅमेऱ्याची पाठ काढली, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवला, शटर उघडे धरले. खिडकीत पाहून समईच्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या. काच स्वच्छ होती, ठसा कसा आरशासारखा. मग डोक्यावर चादर घेऊन ट्रेसिंग पेपरवर पाहिले. उलटी समई दिसत होती. धुरकट.

‘दादा, समई जरा मागे सरकव. हळू.’

दादा सरकवत गेला. मी ‘थांब’ म्हणालो तेव्हा टेपवर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर झाले होते. पुन्हा केले, तेच. तिसऱ्यांदा दादाने पाहिले आणि मी समई हलवली, तरी तेच. खिडकी दोन मीटर म्हणत होती आणि भिंग दोन मीटर चाळीसवर पाहत होते. आतल्या जिभेत पाव मिलिमीटरची खोट होती. नानांनी बोराबाजारातून आणला, तेव्हापासूनच ती असणार. कारण त्यानंतर कॅमेरा कुणी उघडल्याची एकही खूण स्क्रूंवर नव्हती.

मी चादरीतून बाहेर आलो. ‘अल्बम कुठाय?’

अल्बम आला. ‘दिवाळी १९६९’ काढले. भिंतीपुढे आम्ही दोघे पाटावर. दोघांचेही चेहरे मऊ. मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर मात्र असे लखलखीत, की तारीखन् तारीख वाचता यावी. आणि दादाच्या शेजारी, त्याच्याच रेषेत, आजीची पितळी समई. तीही धुरकट. ज्योत तर सोडाच, दांडासुद्धा.

मी समईवर बोट ठेवले. दादाने चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ पाहिले.

‘समई हलत नाही,’ तो म्हणाला.

‘नाही हलत.’

‘म्हणजे मी...’

‘तू हलला नव्हतास, दादा. कधीच.’

अंगणात उन्हात काढलेले फोटो चांगले का, तेही मग उमगले. भरपूर उजेडात भिंगाचे तोंड बारीक करता येते आणि पुढचेमागचे सगळेच बऱ्यापैकी रेखीव येते. खोट लपून जाते. घरात अंधार, तिथे तोंड पूर्ण उघडावे लागे आणि खोट उघडी पडे. घरात शटरही सावकाश चाले, म्हणून मूल हलले असणार, असे नानांना वाटले. बिचाऱ्यांचा तर्क काही वेडा नव्हता. यंत्र चुकेल, एवढेच त्यांच्या मनात आले नाही. मुलाबद्दल मात्र ते लगेच आले.

मला एकवीस सालचे माझे वाक्य आठवले. ते परत घ्यायचे होते, पण तोंडातून निघाले ते असे : ‘मीसुद्धा तेच म्हणालो होतो.’

‘म्हणाला होतास,’ दादा म्हणाला. मग एकदम हसायला लागला. ‘अरे, पण माझे फटाके! दोन रुपयांचे फटाके होते ते!’ तो इतका हसला, की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. डोळे पुसताना त्याने चष्मा काढून ठेवला आणि तो बराच वेळ पुन्हा घातला नाही.

काच मी काढली नाही. या कॅमेऱ्याला पुढच्या अंगाला एक टोपणवजा स्क्रू असतो, तो काढला की आतला दुरुस्तीचा स्क्रू दिसतो. मी स्क्रूड्रायव्हर दादाच्या हातात दिला. पाऊण वर्तुळही फिरवावे लागले नाही. समई दोन मीटरवर ठेवली, खिडकीत एक झाली, कागदावरही रेखीव उमटली. सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसाचा हात अर्धा तास जराही थरथरला नाही.

माझ्या कॅमेऱ्याची काच पुढे पुण्यातच मिळाली, प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात. फ्रेमवाल्याकडून ती नखाएवढी कापून घेतली. त्यात दोन फुटल्या, तिसरी साधली. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. दूरचे अंतर त्यावर जुळवले आणि जवळचे हिच्या शिवणाच्या टेपवर. मापे घेऊन झाल्यावरही मी समई ठेवून पाहिलीच. आता माझा यंत्रावर तेवढा विश्वास राहिलेला नाही.

एकूण खर्च सांगत नाही, कारण हा अंक ही वाचते.

२०२४ च्या दिवाळीत दादा-वहिनी पुण्याला आले. फराळ झाल्यावर मी नवा कॅमेरा काढला, आधी हात धुतले. दादाला पाटावर बसवले, शेजारी समई. घरात उजेड बेताचा, म्हणून भिंगाचे तोंड पूर्ण उघडे आणि शटर सावकाश. खिडकीत दादाची दोन नाके दिसत होती, ती एक केली.

‘हलू नकोस,’ मी म्हणालो.

झाले! एवढे ऐकायचा अवकाश, दादाला जे हसू फुटले, ते आवरेना. मी बटण दाबले. कॅमेरा टीव्हीला जोडला. समई इतकी रेखीव, की दांड्यावरचे ओरखडे दिसावेत, आणि शेजारी दादाच्या जागी हसणारा एक ढग.

तो फोटो मी छापून आणला आणि नानांच्या अल्बममध्ये शेवटच्या रिकाम्या पानावर चिकटवला. खाली पांढऱ्या शाईने टीप लिहिली. ती दादाने वाचली आणि मान्य केली.

‘दिवाळी २०२४. चि. मधू हलला.’